अडतिसावं प्रकरण वाजत नाही

१

शनिवारी सकाळी दहा वाजता मी सभागृहातला स्पीकर तपासायला बसले आणि अडतिसावं प्रकरण वाजेना.

आमचं बोलकं ग्रंथालय आहे. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही पुस्तकं मोठ्याने वाचून घेतो. ध्वनिमुद्रणाचं काम माझ्याकडे असतं. दर शनिवारी दुपारी चार वाजता चाळीसेक श्रोते सभागृहात जमतात आणि चालू कादंबरीचं एक प्रकरण सगळे मिळून ऐकतात. या वेळची कादंबरी समुद्रावर गेलेल्या तीन भावांची होती. दोन भाऊ परत आले होते. तिसऱ्याचं काय झालं ते आज कळायचं होतं, आणि आठवडाभर श्रोत्यांचे फोन येत होते की जरा आधी सांगून टाका ना.

ही कादंबरी बाईंनी वाचली होती. बाई म्हणजे चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांचा आवाज असा की एखादं साधं वाक्य त्यांच्या तोंडून आलं की आपण आधी कधी ते नीट ऐकलंच नव्हतं असं वाटावं. सहा आठवड्यांपूर्वी त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढे जमलं तर कुजबुजता येईल, मोठ्याने वाचणं संपलं. अडतिसावं प्रकरण त्यांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी वाचलं होतं. म्हणजे त्यांचा तो आवाज जगात शेवटचा जिथे होता, ती ही फाइल.

आणि तिची दुसरी प्रत नव्हती. राखीव प्रती ठेवायची डिस्क दोन महिन्यांपूर्वी बिघडून दुरुस्तीला गेली होती. तोवर दुसरीकडे कुठेतरी उतरवून ठेवायचं काम माझं होतं, आणि मी ते आज करू, उद्या करू म्हणत राहिले होते. ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

सदतीस प्रकरणं एकामागून एक वाजवून पाहिली. सगळी ठणठणीत. अडतिसाव्यावर बोट ठेवलं की पडद्यावर दोनच शब्द येत: परवानगी नाही. फाइल जागेवर होती, नाव बरोबर होतं. पण तिच्या आकाराकडे लक्ष गेलं आणि मी वही उघडली. वहीत मी लिहून ठेवलेल्या आकाराहून ती लहान होती. फार नाही, दोनेक मिनिटांच्या बोलण्याइतकी.

मी मावशीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “कशालाही हात लावू नकोस. आणि तुमच्या साहेबांना सांग, मशीन बंद करून परत चालू करायचं नाही.”

मी मान वर केली. साहेबांचं बोट बटणावर होतं.

२

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आयुष्यभर एका मोठ्या कचेरीतली कॉम्प्युटरं सांभाळली, आता घरी असते. उंची बेताची, त्यामुळे आमच्या फिरत्या खुर्चीत बसली की तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. ते तिला आवडतं. विचार करताना ती पाय हलवते.

आमच्याकडच्या मशीनचे नियम तिनेच लिहिले होते, आणि त्यालाही एक कारण घडलं होतं. गेल्या वर्षी एका शनिवारी आमचे व्यवस्थापक साहेब ध्वनिमुद्रणाच्या खोलीचं दार लावून घेऊन मेहुण्याशी फोनवर भांडत होते. विषय सोफ्याचा होता. कुठल्याशा प्रोग्रॅमने परस्पर माइक उघडला आणि ऑडिओ सर्व्हिसने, म्हणजे मशीनमधलं आवाजाचं सगळं येणं-जाणं बघणाऱ्या भागाने, ते भांडण इमानेइतबारे सभागृहात पोचवलं. श्रोत्यांनी सोफ्याची सबंध कहाणी शांतपणे ऐकली. शेवटी टाळ्याही वाजवल्या.

सोमवारी साहेबांनी स्वतः मावशीला बोलावून घेतलं होतं. तिने तेव्हा समजावून सांगितलं होतं की ऑडिओ सर्व्हिस हा फार आज्ञाधारक गडी आहे, जो सांगेल त्याचं ऐकतो, आणि गोम तिथेच आहे. म्हणून त्याला कुंपण घालायचं. मशीनमधल्या प्रत्येक फाइलला आणि प्रत्येक प्रोग्रॅमला एक लेबल लावायचं आणि कुणी कशाला हात लावायचा त्याची एक यादी मशीनच्या गाभ्यात बसवायची. यादीत असेल तर हो, नसेल तर नाही. विचारणारा कोण आहे याने काही फरक पडत नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही, आणि मावशीने सांगितलं तरी नाही. प्रत्येक ‘नाही’ची नोंद मात्र होते.

अर्ध्या तासात मावशी येऊन पोचली आणि तिने ती नोंद उघडली. सकाळी दहा वाजल्यापासून तिथे एकच ओळ पाच वेळा आली होती. पाचही वेळा मीच ते बटण दाबलं होतं.

साहेब मागे येऊन उभे राहिले. त्यांनी सौम्यपणे सुचवलं की तासाभरापुरते नियम बंद ठेवावेत, प्रकरण वाजवावं आणि सोमवारी काय तो तपास करावा. चाळीस माणसं येणार होती, शिवाय बाई स्वतः येणार होत्या. शस्त्रक्रियेनंतर त्या पहिल्यांदाच घराबाहेर पडत होत्या.

“बंद करता येतील,” मावशी म्हणाली, “पण आत काय आहे ते कोणाला माहीत आहे? नाव अडतिसाव्या प्रकरणाचं आहे, आकार नाही. बाईंना पुढच्या रांगेत बसवून तुम्ही काय वाजवणार आहात, साहेब?”

साहेब एक पाऊल मागे सरकले. त्यांना बहुधा सोफा आठवला असावा.

मावशीने फाइलचं लेबल उघडून मला दाखवलं. ध्वनिमुद्रणांच्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींवर ‘ध्वनिमुद्रण’ असं लेबल होतं. या एकीवर ‘पत्र’ असं होतं.

पत्रांचा फोल्डर वेगळा आहे. श्रोते आम्हाला आपल्या आवाजात पत्रं पाठवतात, त्यातली बरीच खाजगी असतात. ऑडिओ सर्व्हिसने पत्राची फाइल स्वतःहून उघडायची नाही असा नियम होता, नाहीतर एखाद्याचं दुखणंखुपणं सभागृहात वाजायचं. म्हणूनच ती अडली होती.

मावशी म्हणाली, “फोल्डर म्हणजे खोली आणि फाइल म्हणजे वही समज. नवीन वही एखाद्या खोलीत तयार झाली की तिच्यावर त्या खोलीचा शिक्का बसतो. या खोलीत बसून तिची नक्कल केलीस तर नकलेवर या खोलीचा शिक्का. पण तीच वही उचलून इकडे आणलीस, तर ती जुना शिक्का घेऊन येते. ही फाइल पत्रांच्या खोलीत तयार झाली आणि तिथून उचलून इथे आणली गेली. काल संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी.”

“मग पत्रांच्या फोल्डरमध्ये बघ ना,” मी म्हटलं. “मूळ फाइल तिथेच असेल.”

“मला नाही बघता येत. ती खोली मी स्वतःलाही बंद करून ठेवली आहे.”

३

पत्रांचा फोल्डर पत्रांच्या खोलीतल्या मशीनवरूनच उघडतो आणि ते मशीन तिघे वापरत. खाती मात्र तीन नव्हती. वेगवेगळे पासवर्ड लक्षात राहत नाहीत म्हणून साहेबांनी तिघांना मिळून एकच खातं करून दिलं होतं. मावशीने वर्षभर त्यावरून त्यांचं डोकं खाल्लं होतं. आज तिने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. तेवढं पुरलं.

मी काल चारलाच दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. पाच वीसला इमारतीत फक्त तेच तिघे होते: साहेब, आम्ही ज्याला कात्री म्हणतो तो, आणि श्रोत्यांची पत्रं बघणारे काका.

मावशीने ठरवलं की तिघांशी बोलायचं, पण तिघांपैकी कुणालाही फोल्डर उघडायला लावायचा नाही. ज्याने केलं असेल त्याच्याच हातात किल्ली दिली म्हणजे मग झालंच.

पहिले साहेब. मोठ्या मनाचा माणूस, पण बोलायला उभा राहिला की आवरत नाही. मावशीने आडून आडून विचारलं तेव्हा त्यांनी कबूल केलं की काल चारनंतर ते पत्रांच्या मशीनवर बसले होते. आज कादंबरी संपते म्हणून त्यांनी एक छोटं मनोगत ध्वनिमुद्रित केलं होतं. किती छोटं, तर एकवीस मिनिटांचं. ते शेवटच्या प्रकरणाला जोडावं असा त्यांचा विचार होता. पण जोडतात कसं ते त्यांना जमलं नाही, म्हणून नाद सोडला. फाइल इकडची तिकडे कशी नेता, असं मावशीने विचारल्यावर त्यांनी माउस धरून दाखवलं: फाइल पकडायची, ओढायची आणि सोडायची. दोनदा ती भलत्याच ठिकाणी पडली.

माझ्या मनात आलं की ओढून आणलेली फाइलही जुनंच लेबल घेऊन येत असणार. मी मावशीकडे पाहिलं. तिने मान हलवली, म्हणजे माझं बरोबर होतं. साहेबांनी भलतीच फाइल ओढली असेल का?

मग कात्री. आमचा ध्वनिसंपादक. वय पस्तीस, हात सराईत, आणि दुसऱ्याच्या बोलण्यातला श्वास ऐकला की याला चैन पडत नाही. बाईंचं आणि त्याचं वाजलं होतं ते यावरूनच. आठव्या प्रकरणातले बाईंचे श्वास याने एकूण एक कापून टाकले, तेव्हा बाईंनी सर्वांदेखत विचारलं होतं की माझं पात्र पाण्यात बुडालंय का. तेव्हापासून बाईंच्या ध्वनिमुद्रणाला त्याने हात लावायचा नाही असं साहेबांनी ठरवून दिलं होतं. गेली तीस प्रकरणं तो दातओठ खाऊन ऐकत होता.

कात्रीने काही लपवलं नाही. बाईंच्या वाक्यावाक्यात हवा भरलेली असते आणि मिळालं असतं तर आपण प्रकरणागणिक दोन मिनिटं सहज काढली असती, असं तो छाती पुढे काढून म्हणाला.

“दोन मिनिटं?” मी विचारलं.

“निदान.”

फाइल तेवढीच लहान झाली होती. त्याच्या चेहऱ्यावर कुठेही भीती दिसत नव्हती, त्यामुळे तर मला जास्तच संशय आला. मावशीने मात्र त्याला आपलं काम दाखव म्हणून सांगितलं आणि पाय हलवत ती पाहत बसली. त्याच्या मशीनवर एकाच कथेच्या अकरा फाइली होत्या. एकीचं नाव ‘अंतिम’, दुसरीचं ‘अंतिम खरं’, तिसरीचं ‘अंतिम आता नक्की’. मूळ फाइलवर कात्री चालवायची नाही ही त्याची शपथ होती. जे काय करायचं ते आधी नक्कल करून, आणि झालेलं काम कुठे ठेवायचं तेही नक्कल करूनच.

मावशीने चष्मा पुसला आणि विचारलं, “आता कोण राहिलं?”

“काका,” मी म्हटलं. “पण त्यांना विचारायचं म्हणजे नुसता उपचार.”

४

काका पत्रांच्या खोलीत बसतात. ते साठीचे आहेत, वयाच्या नवव्या वर्षापासून त्यांना दिसत नाही. श्रोत्यांची पत्रं ऐकायची, त्यातला खोकला, मागची शिट्टी, रडणारं नातवंड एवढं काढून टाकायचं, पत्र नोंदवायचं आणि उत्तर द्यायचं, हे त्यांचं काम. शिवाय प्रत्येक शनिवारचं प्रकरण ते आदल्या दिवशी एकटे बसून ऐकत आणि सभागृहात त्याची ओळख करून देत. बाईंच्या आवाजावर त्यांच्याइतकी माया दुसऱ्या कुणाची नव्हती. बाई वाचत असल्या की ते खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसत. चहा गार झालेला त्यांना कळत नसे.

आम्ही गेलो तेव्हा ते पत्रं लावत होते. त्यांचं मशीन पडद्यावरचं सगळं बोलून दाखवतं. ते भरभर कळा दाबत आणि ते सपाट आवाजात सांगत जाई. आम्ही बसल्यावरही त्यांनी हातातलं पत्र मार्गी लावलं, मग आमच्याकडे वळले.

काल शेवटचं प्रकरण ऐकलंत का, असं मावशीने विचारलं. ऐकलं, ते म्हणाले. कसं होतं? ते म्हणाले की इतकं चांगलं बाईंनी कधीच वाचलं नव्हतं. तिसऱ्या भावाचं काय झालं ते मात्र त्यांनी सांगायचं नाकारलं, चारपर्यंत थांबा म्हणाले. फाइल आत्ता वाजत नाही, हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खरोखरच उतरला. खोटं वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

टेबलावर एक कप होता, एक पाण्याची बाटली, एक पेन. पेन कशाला, असं मला नेहमी वाटे. पाहुण्याला सही करायला लागतं म्हणून. मावशीने आपली पिशवी ठेवायला जागा करताना त्यांचा कप जरा बाजूला सरकवला. काकांनी न बोलता हात नेला, कप शोधला आणि होता तिथे ठेवला.

“दुसरा कप नाही ठेवत?” मावशीने विचारलं.

“नको हो. सारख्या दोन वस्तू ठेवल्या की एक दिवस नको ती हातात येते. माझ्याकडे प्रत्येक गोष्ट एकच.”

मावशी हसली. आणखी पाच मिनिटं ती इकडचं तिकडचं बोलली, त्यांच्या गुडघेदुखीचं विचारलं आणि उठली. बाहेर आल्यावर बाकावर टेकली. तिचे पाय हलायचे थांबले होते.

“सापडलं,” ती म्हणाली.

“काय सापडलं? ते तर गुडघ्याबद्दल बोलत होते.”

“ते नाही, त्यांचं मशीन बोलत होतं. तू ऐकलं नाहीस?”

५

तिने मला बाकावर बसवून घेतलं आणि एकेक धागा सोडवला.

फाइल पत्रांच्या खोलीत तयार झाली होती, ती लहान झाली होती आणि ती उचलून आणलेली होती. कात्रीने कापली असती, यात शंका नाही, दोन मिनिटं तर त्याच्या तोंडातच होती. पण तो ठेवतो ते नक्कल करून, आणि नकलेला ध्वनिमुद्रणाचंच लेबल लागलं असतं. फाइल बिनबोभाट वाजली असती. साहेब ओढून आणतात हे खरं, पण त्यांना त्यात एकवीस मिनिटं घालायची होती. त्यांच्या हातून फाइल वाढली असती, घटली नसती.

“आणि आपण आत गेलो तेव्हा मशीन काय म्हणत होतं? कट, पेस्ट. कट, पेस्ट. एकदाही ‘कॉपी’ आलं नाही,” मावशी म्हणाली. “ज्या माणसाला घरात दोन कप चालत नाहीत तो फाइलची नक्कल ठेवेल का? ते इथलं उचलून तिथे ठेवतात. आणि पत्रातला नको तो भाग काढणं हे तर त्यांचं रोजचंच काम.”

मला ते पटलं आणि पटलंही नाही. बाईंच्या आवाजाला कात्री लावणारा शेवटचा माणूस जर कोण असेल तर तो काका.

“म्हणूनच विचारायला हवं,” ती म्हणाली. “त्या दिवशी बाईंनी प्रकरण संपवलं तेव्हा तू कुठे होतीस?”

मी आठवू लागले. शेवटचं वाक्य वाचून झाल्यावर मी बाईंसाठी गाडी बघायला खाली गेले होते. परत आले तेव्हा बाई पर्स घेऊन उभ्या होत्या. मशीन चालूच राहिलं होतं. मी ते थांबवलं आणि शेवट पुन्हा ऐकला नाही. किती वेळ गेला असेल? दोनेक मिनिटं.

मावशी परत आत गेली. या वेळी तिने मला दारात थांबायला सांगितलं. तिने आवाज चढवला नाही की चोरी हा शब्दही काढला नाही.

“काका, त्या शेवटच्या दोन मिनिटांत काय आहे ते मी विचारणार नाही. ती कुठे आहेत एवढंच सांगा.”

काकांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, “इथेच आहेत. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवली आहे. बाईंचा एक शब्द मी पुसणार आहे का?”

मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. काल साडेचारनंतर त्यांनी प्रकरण ऐकलं. ते संपलं आणि बाई बोलतच राहिल्या. पुस्तकातलं नव्हे, स्वतःचं. उद्या आवाज जाणार म्हणून वाटणारी भीती होती आणि त्यापुढे आणखी काही होतं. बाईंना मशीन चालू असल्याचा पत्ता नसणार, हे काकांनी गृहीत धरलं. उद्या चारला ते चाळीस माणसं ऐकणार, आणि बाई पुढच्या रांगेत बसलेल्या असणार. मला फोन लावला तर तो बंद, मी दाताच्या खुर्चीत. साहेबांना सांगावं तर आधी त्यांना ते ऐकवावं लागणार. म्हणून त्यांनी फाइल आपल्या फोल्डरमध्ये नेली, शेवट काढून वेगळी फाइल केली आणि ती जुन्या नावाने परत नेऊन ठेवली. तोवर इमारत बंद करायची वेळ झाली आणि वाजवून बघायचं राहिलं.

“सकाळी मला सांगायला हवं होतंत,” मी दारातून म्हटलं.

“सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, काय कापलं. त्याचं उत्तर देण्याचा हक्क माझा नाही.”

मावशीने मान डोलावली. ती म्हणाली की लेबल बदलायला एक ओळ पुरते, दहा सेकंदांचं काम आहे. पण आवाज बाईंचा आहे. कापलेलं वाजवायचं की अख्खं, हे ठरवायचं बाईंनी, काकांनी नव्हे आणि तिनेही नव्हे. बाई साडेतीनला येणार होत्या.

काकांनी हात टेबलावर ठेवले. एवढा मोठा माणूस, पण शाळेतल्या पोराला मुख्याध्यापकांनी बोलावल्यावर दिसतो तसा दिसत होता. “म्हणजे मी ते ऐकलं, हे त्यांना कळणार,” ते म्हणाले.

६

बाई साडेतीनच्याही आधी आल्या. गळ्याला रेशमी रुमाल, हातात पुठ्ठ्याची एक मोठी चपटी फाइल, आणि लिहायला छोटी वही. जरा वाळल्या होत्या. कात्रीने पुढे होऊन त्यांना खुर्ची दिली आणि बाईंनी वहीत लिहून त्याला विचारलं: अजून किती पात्रं बुडवलीस? कात्री इतका खूश झाला की त्यांच्यासाठी पाणी आणायला धावला.

मी त्यांना बाजूच्या खोलीत नेलं. मावशीही होती. आधी मी माझी चूक सांगितली, मशीन चालू राहिल्याची आणि प्रत न ठेवल्याची. मग काकांनी काय केलं ते सांगितलं. बोलताना मी बाईंकडे बघत नव्हते. माझं झाल्यावर पेन्सिलचा आवाज आला आणि वही माझ्यापुढे सरकली. चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलेल्या अक्षरात तिथे लिहिलं होतं:

मशीन चालू आहे हे मला माहीत होतं. लाल दिवा समोर दिसत होता.

मी ते दोनदा वाचलं. बाईंनी वही परत घेतली आणि खाली आणखी लिहिलं. शुक्रवारी ते एकटे ऐकतात, हे मला ठाऊक आहे. समोर बसून मला बोलता आलं नसतं. आणि नंतर तर बोलताच येणार नव्हतं.

मावशी खुर्चीत मागे टेकली. तपासात तिने एक गोष्ट गृहीत धरली होती आणि तीच चुकली होती, हे तिने तिथल्या तिथे कबूल केलं. आम्ही सगळे समजत होतो की दोन मिनिटं चुकून ध्वनिमुद्रणात आली. ती मुद्दाम ठेवलेली होती, एका माणसासाठी. सहा आठवडे बाई घरी बसून शुक्रवार मोजत होत्या. काकांनी शेवट कापला नसता तर काय केलं असतं, असं मावशीने विचारलं. बाईंनी लिहिलं की ते कापतील याची खात्री होती. बावीस वर्षं ते लोकांची खाजगी पत्रं सांभाळत आले आहेत.

मग त्या उठल्या, पुठ्ठ्याची फाइल घेतली आणि पत्रांच्या खोलीकडे गेल्या. दार लागलं.

मावशीने मशीनसमोर बसून एक ओळ लिहिली. कापलेल्या अडतिसाव्या प्रकरणावरचं लेबल बदललं. मी बटण दाबलं. सभागृहात बाईंचा आवाज आला, अगदी जवळून, पहिल्या वाक्याच्या आधीच्या त्या लांब श्वासासकट. मी लगेच थांबवलं. आणि उठायच्या आधी तिची प्रत काढून ठेवली.

चारला पाच मिनिटं होती. सभागृह भरलं होतं. साहेबांना मनोगत सात मिनिटांवर आणायला मावशीने कसं राजी केलं ते मला माहीत नाही, पण ते गोरेमोरे होऊन मागच्या रांगेत बसले होते. फक्त ओळख करून द्यायला काका आले नव्हते. मी पत्रांच्या खोलीपाशी गेले. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. दोन माणसांच्या खोलीत, एकाला दिसत नाही आणि एकाला बोलता येत नाही, तिथे काय चाललं असेल याचा मला अंदाज करता येईना. मी हलकेच दार वाजवलं.

काका बाहेर आले. त्यांनी दोन्ही हातांत जाड कागदाचं एक पान आडवं धरलं होतं, वरण वाढायला निघाल्यासारखं जपून. पानभर बारीक उंचवटे होते. बाईंनी सहा आठवड्यांत ब्रेल शिकून घेतली होती. घरी पाटी आणि टोचा घेऊन, एकेक अक्षर टोचत. ब्रेल उलटीकडून टोचावी लागते, आणि चौतीस वर्षं एका बाजूने लिहिलेल्या हाताला ते किती जड गेलं असेल ते त्यांनाच माहीत.

“घडी घालता येत नाही,” काका मला म्हणाले. “टिंबं दबतात.”

मी त्यांना विचारलं की सगळं ठीक आहे ना.

“तीन चुका आहेत,” ते गंभीरपणे म्हणाले. “एक वेलांटी आणि दोन जोडाक्षरं. मी त्यांना सांगितलं, चालायचंच, नवीन विद्यार्थी आहे.”

त्यांच्या मागे बाई उभ्या होत्या. आयुष्यभर जगाच्या वेलांट्या दुरुस्त केलेल्या त्या बाई तोंडावर हात धरून, आवाज न करता, खांदे हलवत हसत होत्या.

सभागृहात लोक चुळबुळ करायला लागले होते. काकांनी पाऊल टाकलं आणि थांबले. काठी आत टेबलाला टेकवलेली राहिली होती आणि ती घ्यायची तर पान एका हातात धरावं लागणार. ते क्षणभर घोटाळले. बाई पुढे झाल्या, त्यांच्या कोपरात हात घातला आणि चालू लागल्या. पान दोन्ही हातांत तसंच आडवं धरून काका त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवत सभागृहात शिरले.